टोपी बाजारातल्या आत्या

पहिल्या दिवशी आत्यांनी मला जिन्यातूनच परत पाठवलं, आणि तेही माझ्या ओढणीवरून.

मी तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची होते. कॉलेज संपलं होतं, हातात कापडशास्त्राची पदवी होती आणि घरात रोज एकच विषय, की आता हिचं पुढे काय. ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात लग्नाचे साफे-सेहरे विकणाऱ्या एका दुकानाच्या वर कोणी मराठी बाई जुन्या कापडांचं काहीतरी करतात, त्यांना मदतीला मुलगी हवी आहे, असं बाबांच्या ऑफिसातून कळलं. म्हणून गेले. जिना अरुंद, पायऱ्या उंच. मधल्या पायरीवर एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई बशीतून चहा पीत बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. ओढणीचं टोक चिमटीत धरलं आणि विचारलं,

"कुणाची आहे?"

"माझी."

"तुझ्याआधी कुणाची होती?"

"नवीन आहे. दुकानातली."

"मग उद्या ये. घरातलं काही जुनं घेऊन ये. आणि कुणाचं आहे ते घरात नीट विचारून ये. उगीच बनवून नको सांगूस, मला समजून येतं."

घरी येऊन आईला विचारलं, तर तिनं ट्रंकेतून आजोबांचा मफलर काढला. तो देता देता ती जी बोलायला लागली ती अर्धा तास बोलत राहिली. आजोबा सायकलवरून पडले होते, ते कुणाला कळू नये म्हणून महिनाभर उन्हाळ्यातही मफलर गुंडाळून हिंडले, गळ्यावरची जखम दिसू नये म्हणून. बावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते आत्यांना सांगितलं. त्या मफलर नाकाशी नेऊन हसल्या, मला म्हणाल्या, "चप्पल तिकडे काढ," आणि माझी नोकरी लागली.

आत्या माझ्या कुणी लागत नव्हत्या. लश्कर भागातली सगळी मराठी घरं त्यांना आत्याच म्हणायची, कारण त्यांचा एक भाचा लहानपणी त्यांच्याजवळ राहायचा आणि तो म्हणायचा. बाजारातल्या हिंदी लोकांना मात्र ते त्यांचं नावच वाटायचं. खालचे साफेवाले भाईसाहब "आत्याजी" म्हणायचे, वीज बिल घेऊन येणारा "आत्या मैडम". आत्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

मुलींच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर टोपी बाजारातल्या ह्या तीन खोल्या घेतल्या. दिल्लीहून येणारे लोक त्याला स्टुडिओ म्हणायचे. आत्या म्हणायच्या कारखाना. कोणा होमिओपॅथी डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला, तेव्हा त्यांची छतापर्यंतची लाकडी कपाटं आत्यांनी उचलून आणली होती. शेकडो लहान-मोठे खण आणि प्रत्येक खणावर औषधाच्या नावाची पट्टी. त्या पट्ट्या त्यांनी काढल्याच नाहीत. त्यामुळे आमच्याकडे माधवगंजातल्या घरांची कापडं आर्निकात असायची, जयेंद्रगंजातली ब्रायोनियात, आणि ज्यांचा पत्ता धड कळला नाही ती नक्स व्होमिकात. "अगं, ते पोस्टमास्तरांच्या आईचं लुगडं कुठे गेलं?" "ब्रायोनियात बघते, आत्या." बाहेरचा माणूस ऐकून चाट पडायचा.

प्रत्येक घराचं कापड वेगळ्या मलमलीत बांधलेलं, आत कडुनिंबाची पानं आणि एक चिठ्ठी. चंदेरीचे शेले, जरीचे काठ काळे पडलेले. इरकली लुगडी, खणांच्या चोळ्या, फौजेतल्या कुणाचा लोकरी कोट, बँडवाल्याचा लाल डगला, लहान मुलांची टोपडी, दत्ताच्या देवळातल्या पुजाऱ्याचं सोवळं. किनखाबाचा एक तुकडा इतका जड, की हातावर ठेवला तर मनगट खाली जायचं. ह्या सगळ्यातून आत्या गोधड्या करायच्या. दिल्लीवाले त्या प्रदर्शनापुरत्या नेऊन भिंतीवर टांगायचे, फोटो काढायचे, त्याला मोठी मोठी नावं द्यायचे. आत्यांसाठी ती गोधडीच. एका घराच्या कापडांची एक गोधडी, दुसऱ्या घराचा तुकडा त्यात येता कामा नये.

सकाळी दार उघडलं, की आत्यांना धुळीनं सलग तीन शिंका यायच्या. मग त्या कपाटांकडे बघून म्हणायच्या, "आले रे बाबांनो." दुपारी जेवणानंतर अर्धा तास कुणी कापडाला हात लावायचा नाही. त्या स्वतः जमिनीवर भिंतीकडे तोंड करून पडायच्या. "त्यांचा पण डोळा लागू दे जरा," म्हणायच्या. आत चहा आणायची सक्त मनाई, म्हणून चहा जिन्यात, साफेवाल्या भाईसाहबांबरोबर. फोनसुद्धा जिन्यात. आणि रागात घातलेले टाके त्यांना दिसायचे. माझ्या हातातलं काम उलटं करून धावदोऱ्यावर नख फिरवायच्या आणि विचारायच्या, "ह्या चार टाक्यांत कुणाशी भांडत होतीस?" मी खरंच आईशी भांडून आलेली असायचे. "उसव. ह्या बाईचा काय कसूर आहे?"

कापड द्यायला येणाऱ्यांची त्या चौकशी करायच्या, तीही अशी, की माणूस गोंधळून जायचा. कापड किती वर्षांचं, कुठून आणलं, ह्यात त्यांना रस नव्हता. "रागीट होत्या का?" "पदर कुठल्या हातानं सावरायच्या?" "जेवताना बोलायच्या, का गप्प?" एक बाई सासूचं लुगडं घेऊन आल्या होत्या, तोंड अगदी आंबट करून. आत्यांनी विचारलं, "तुम्हाला आवडायच्या का त्या?" बाई म्हणाल्या, "मुळीच नाही." आणि एकदम हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. चिठ्ठीवर आत्यांनी तेच लिहिलं.

दिल्लीच्या एका बाईंनी एकदा शेला हातात घेऊन विचारलं, "आंटी, ये विंटेज है?"

"नहीं जी," आत्या म्हणाल्या. "पोस्टमास्टर साहब की माँ का है."

हे सगळं त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील संस्थानच्या जामदारखान्यात कारकून होते. वर्षातून एकदा तिथले कपडे उन्हात घालायचे, तेव्हा ते सात-आठ वर्षांच्या आत्यांना बरोबर घेऊन जात. गच्चीभर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर अंगरखे, शालू, पोशाख. वारा आला की बाह्या हलायच्या. "इतके कपडे," आत्या म्हणाल्या, "आणि आत कुणीच नाही. मला आधी भीती वाटली. मग वाईट वाटलं. ते वाईट वाटणं गेलंच नाही बघ."

मी त्यांच्याकडे असताना माझ्या हातून एक मोठी चूक झाली, ती सांगायला हवी.

माधवगंजात एक रिटायर झालेले ओव्हरसियर राहायचे. त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या सगळ्या साड्या वाटल्या गेल्या होत्या, एक फिकट निळी सुती साडी तेवढी त्यांनी आत्यांकडे आणून दिली. पदरावर हळदीची चार बोटं उमटलेली होती. आत्या भाच्याच्या घरी लग्नाला म्हणून दोन दिवस इंदूरला गेल्या, आणि मला वाटलं, त्या येईपर्यंत आपण काहीतरी करून दाखवावं. हळदीचा डाग साबण लावून उन्हात टाकला की जातो, हे मला पुस्तकातून पक्कं माहीत होतं. गेलासुद्धा. संध्याकाळपर्यंत पदर अगदी स्वच्छ. मी साडीला इस्त्री करून ठेवली.

आत्यांनी आल्यावर गाठोडं उघडलं. पदर एकदा बघितला, दुसऱ्यांदा उजेडाकडे धरून बघितला. मग तशीच घडी घातली आणि म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"माधवगंज."

ओव्हरसियरकाकांनी दार उघडलं, तेव्हा आत्या त्यांना म्हणाल्या, "ही मुलगी तुम्हाला काही सांगायला आली आहे," आणि स्वतः बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या. मी आत एकटी. मी सांगितलं. मध्येच रडू आलं, पण सांगितलं. काकांनी साडी मांडीवर घेतली आणि पदर चाचपला, जणू डाग हाताला लागला असता.

"चार बोटं होती ना," ते म्हणाले. "गेली का."

मला वर बघवेना. तेच पुढे बोलले, "ती असती ना, तर त्याच दिवशी धुतलं असतं तिनं. डाग तिला खपायचा नाही. मीच ती साडी तिच्यापासून लपवली होती, दवाखान्यात नेलं त्या दिवशी, नाहीतर जायच्या आधी धुवायला बसली असती. म्हटलं परत आली की देऊ." मग म्हणाले, "तू पाणी पी, बेटा."

बाहेर आल्यावर आत्यांनी विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

"पूर्ण?"

"हो."

"बस. उद्या वेळेवर ये."

त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्या साडीची गोधडी मात्र त्यांनी स्वतः शिवली. सगळीकडे दाट धावदोरा, आणि पदराच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा बिनटाक्याची. काका न्यायला आले, तेव्हा त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी बरोबर तिथेच हात ठेवला.

चार वर्षं मी आत्यांकडे होते. मग पुण्यात, जुनी वस्त्रं जपणाऱ्या एका संस्थेत मला काम मिळालं. मी घाबरत घाबरत सांगितलं. आत्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि त्या दिवसापासून आठ दिवस माझ्याशी फक्त हिंदीत बोलल्या. आत्या रागावल्या की हिंदीत शिरायच्या, आणि फार रागावल्या की "आप" म्हणायच्या. "आप वो कैंची इधर रख दीजिए." "आप कल जल्दी आइएगा." भाईसाहबांनासुद्धा ते ऐकून हसू यायचं. शेवटच्या दिवशी मी पाया पडले, तेव्हा मराठीत आल्या. म्हणाल्या, "तुला काही देत नाहीये. इथे माझं असं काही नाहीच, काय देऊ? जा. तिकडे जेवत जा नीट."

पुण्यात मी जपणूक शिकले. कापडाला हात न लावता उचलायचं कसं, उजेड किती, दमटपणा किती, कागद कुठला. हातमोजे घालूनच काम. सुरुवातीला माझ्या मराठीला सगळे हसायचे. मी "जल्दी या", "फोन लावते", "समजून येतं" असं काही बोलले, की कोणीतरी विचारायचं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" हळूहळू मी तसं बोलणं सोडलं. आत्यांचा फोन आला की मात्र तोंडातून आपोआप तेच यायचं, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

सहा वर्षांनी एकदा त्यांनी फोनवर सांगितलं, "अगं, सुईचं भोकच सापडेनासं झालंय." काचबिंदू होता. उशिरा कळला. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यातून सावल्या दिसायच्या.

मी संस्थेत बोलले. आत्यांकडची सगळी गाठोडी आम्ही घ्यायची, नोंदी करायच्या, वेगळी खोली द्यायची. वरिष्ठांनी होकार दिला. ती खोली माझ्या देखरेखीखाली असणार होती, हेही खरं. संमतीचा कागद घेऊन मी फेब्रुवारीत ग्वाल्हेरला गेले. आत्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"फार चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण ते माझं नाही ना. मी सही कशी करू?"

"आत्या, लोकांनी तुम्हाला दिलं होतं."

"गोधडी करायला दिलं होतं. आता माझ्यानं होत नाही. तर ज्याचं त्याला परत करायचं. तू आलीस ते बरं झालं, मला चिठ्ठ्या वाचता येत नाहीत."

"घरी नेऊन लोक काय करतील? कसर लागेल. फेकून देतील!"

"देतील."

"आणि ते तुम्हाला चालेल?"

"त्यांचं आहे," आत्या म्हणाल्या. "तू आजोबांचा मफलर कुठल्या कपाटात ठेवला आहेस गं?"

मफलर मी प्रवासात हरवला होता. मी चिडून म्हटलं, की तुम्ही हट्टी आहात, तुम्हाला ह्या कापडांची किंमतच कळत नाही. त्या म्हणाल्या, "आप चाय पी लीजिए." म्हणजे विषय संपला.

मग दहा-बारा दिवस मी आणि आत्या रोज सकाळी ई-रिक्शात बसून लश्करभर फिरलो. साठेक गाठोडी होती. मी खण उघडायचे, चिठ्ठी वाचायचे. आत्या गाठोडं मांडीवर घेऊन बसायच्या, आणि वाटेत त्या घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल मला सांगायच्या, जणू ओळख करून देताहेत.

माधवगंजात एका दुसऱ्या मजल्यावर पंचविशीतला मुलगा दारात आला. त्याच्या पणजोबांचा लोकरी कोट होता. "आत्याजी, हम क्या करेंगे इसका? आप ही रख लीजिए ना." आत्या म्हणाल्या, "पहन के तो देख." त्यानं लाजत लाजत घातला. खांद्यांत बरोबर बसला. तेवढ्यात त्याची आई ओल्या हातांनी बाहेर आली आणि तिथेच थांबली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. मुलगा आरशाकडे गेला तो परत लवकर येईचना.

एका घराच्या जागी मुलांचं हॉस्टेल झालं होतं. आत्यांनी शेजारीपाजारी विचारून भोपाळची नात शोधून काढली आणि पार्सल करायला लावलं. एका घरी बाईंनी दार अर्धंच उघडलं. मेलेल्या माणसाचं कापड आम्हाला घरात नको, म्हणाल्या. आत्यांनी वाद घातला नाही. ते गाठोडं परत घेऊन त्यांनी मलमलीची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. अशी शेवटी चार गाठोडी उरली, ज्यांना घेणारं कुणीच नव्हतं. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "ही ने तुझ्या संस्थेत. सांभाळ."

शेवटच्या दिवशी आत्यांना ताप होता. जयेंद्रगंजातली तीन गाठोडी राहिली होती. "तू जाऊन ये," म्हणाल्या.

दोन मी दिली. तिसऱ्यात एक कुंची होती. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर घालून हनुवटीखाली बंद बांधतात आणि मागे पाठीवर सोडतात, तशी. पण अशी कुंची मी नंतरही कुठे पाहिली नाही. त्या घरातल्या चार पिढ्यांच्या बायकांच्या लग्नातल्या कापडांचे तुकडे जोडून ती केली होती. किनखाब, चंदेरी, खण, आणि कडेला चांदीची लेस. आतलं अस्तर बाळांच्या डोक्यांनी मऊ झालेलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, की घरातलं प्रत्येक मूल ह्यात गुंडाळून उंबऱ्याबाहेर काढलं, आता मुलगा-सून परदेशात, त्यांना मूल नको आहे, म्हणून दिली.

मी त्या घराच्या जिन्यात उभी होते. दाराबाहेर चपला होत्या. आत कुकरची शिट्टी झाली. बेल हाताच्या अंतरावर होती. मी मलमल परत बांधली आणि खाली उतरले.

आत्यांना सांगितलं, "घर बंद होतं. शेजारी म्हणाले, मुलाकडे गेले, आता परत नाही येणार."

"कुलूप होतं?"

"हो."

त्यांनी हात पुढे केला. मी गाठोडं हातात दिलं. त्यांनी ते थोडा वेळ धरलं, चाचपलं, आणि मला परत दिलं. "बरं. मग हे पाचवं."

पुण्यात त्या कुंचीला नंबर मिळाला, कागद मिळाला, स्वतंत्र खण मिळाला. मी तिच्यावर लेख लिहिला. लोक मुद्दाम बघायला आले. आत्या दर पंधरा दिवसांनी फोन करायच्या. जेवलीस का, पाऊस आहे का, ऑफिसात काय चाललंय. मग थोडं थांबून विचारायच्या, "अजून काही?" मी म्हणायचे, "नाही, आत्या. काही नाही." "बरं," म्हणून ठेवायच्या.

दिवाळीच्या आधी साफेवाल्या भाईसाहबांचा फोन आला. "बिटिया, आत्याजी नहीं रहीं." सकाळी दार उघडायला जिना चढल्या होत्या. खोल्या रिकाम्याच होत्या, तरी त्या रोज दार उघडायला यायच्या, असं ते म्हणाले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढच्या वर्षी तिथे सेहऱ्यांचं गोदाम झालं.

त्यांच्यामागे त्यांचं म्हणून काही उरलं नाही. गोधड्यांवर त्यांनी कधी नाव घातलं नाही, स्वतःचा फोटो कुणाला काढू दिला नाही. मला त्या आठवायच्या त्या भलत्याच वेळी. प्रयोगशाळेत हातमोजे घालताना कुठूनतरी धुळीचा आणि कडुनिंबाचा वास यायचा, आणि मी थांबायचे. तिथे तसा वास येणं शक्यच नव्हतं. वाटायचं, कुणीतरी आपलं काम उलटं करून बघावं, कुठल्या टाक्यांत काय चुकलं ते सांगावं. कुंचीचा खण उघडणं तर मी टाळायलाच लागले. कोणी बघायला आलं, की दुसऱ्या कुणाला दाखवायला सांगायचे.

वर्षभरानं मी संस्थेला लिहून दिलं, की ही वस्तू देणाऱ्यांच्या संमतीनं आलेली नाही, मी खोटं सांगून आणली आहे. बरीच बोलणी खावी लागली, नोकरी कशीबशी राहिली. कुंची घेऊन मी ग्वाल्हेरला गेले, आणि जयेंद्रगंजातल्या त्या दाराची बेल वाजवली.

सत्तरीच्या एक काकू बाहेर आल्या. मी नाव सांगितलं, गाठोडं पुढे केलं. म्हटलं, "आत्यांकडून आलेय."

"ये ये," काकू म्हणाल्या. "आलीस का. आत्या बोलल्या होत्या, मुलगी घेऊन येईल म्हणून."

मला काही कळेना. "कधी बोलल्या?"

"अगं, ती मागल्याच्या मागली होळी. रिक्शावाल्याचा हात धरून चढल्या होत्या वर. विचारलं, कुंची पोचली का. म्हटलं, नाही हो, कुणी आलंच नाही. आमच्या सूनबाईला तेव्हा सातवा लागला होता, बाळंतपणाला इथेच आली होती. आम्हाला पण कुंची परत मिळाली तर हवीच होती. तर त्या म्हणाल्या, माझीच चूक, मुलगी दुसऱ्या गल्लीत गेली असेल, तिला आता लश्करच्या गल्ल्या आठवत नाहीत, पुण्याला राहते ना. येईल ती."

मी खाली बसले. मी म्हटलं, "काकू, मी गल्ली चुकले नव्हते. मी ह्या दारापर्यंत आले होते. मीच दिली नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग गाठोडं उघडून कुंची मांडीवर पसरली आणि चांदीच्या लेसवरून बोट फिरवत राहिल्या. "बारशाला हवी होती गं," शेवटी म्हणाल्या.

आतून एक दीड वर्षांची मुलगी दुडदुडत आली. काकूंनी कुंची तिच्या डोक्यावर ठेवून बघितली. ती वरच बसली, बंद हनुवटीपर्यंत पोचेनात. मुलीनं ती ओढून खाली टाकली. तिच्या हातात दुसरंच काहीतरी होतं. जांभळ्या फुलांचं, चुरगळलेलं.

"ही आत्यांची," काकू म्हणाल्या. "बारशाच्या आदल्या दिवशी घेऊन आल्या. म्हणाल्या, तोवर ही घाला. त्यांच्याजवळ तेव्हा दुसरं कापडच उरलं नव्हतं म्हणे. स्वतःची साडी फाडली. दिसत तर काही नव्हतं त्यांना, कशी शिवली कुणास ठाऊक. आता ही पोरगी तिच्याशिवाय झोपत नाही."

ती साडी मला ओळखता आली. बाजारात जाताना नेसायच्या ती.

"त्यानंतर पण फोन यायचे त्यांचे," काकू म्हणाल्या. "आली का, एवढंच विचारायच्या. मी नाही म्हटलं, की बरं, येईल, म्हणून ठेवून द्यायच्या. दसऱ्यापर्यंत यायचे."

काकू चहा टाकायला उठल्या. मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि जांभळी कुंची माझ्या मांडीवर ठेवली. मी ती उलटी केली. टाके सगळीकडे भरकटले होते, एक लांब, एक आखूड. एक बंद दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठा. एके ठिकाणी सुई टोचलेली असावी, तिथे तपकिरी ठिपका होता. दोऱ्यावरून नख फिरवत मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. रागाचा टाका कुठेच लागला नाही.

मुलीनं माझ्याकडे बघितलं, कुंचीचा बंद धरला आणि ओढला. मी घट्ट धरून होते. तिनं परत ओढला.

मी सोडली.